बाबांच्या हातातला लाडू

आई जाऊन अजून वर्ष झालं नाही. म्हणून यंदा दिवाळीला आमच्या घरी कढई चढली नाही. पण रीत अशी की अशा घराला शेजारपाजारचे फराळ पाठवतात. विक्रोळीची आमची अख्खी चाळ मायेची. कधी नव्हे एवढे डबे आले, यार. खाणारे दोघंच, मी आणि बाबा.

बाबांना शुगर आहे. दर दिवाळीत ते चोरून लाडू उचलायचे आणि आई आतून ओरडायची, "अहो, ठेवा तो लाडू!" तिला न बघताच कळायचं.

यंदा बाबा चोरून नाही, डबा समोर घेऊन खात होते. एवढं दुःख झालेल्या माणसाला टोकायला माझी जीभ रेटेना.

आज सकाळी शुगर तपासली. वाट लागली होती. दुपारी मी नाचणीची भाकरी आणि दुधीची भाजी केली. बाबा मुकाट्याने जेवले आणि हात धुऊन परत डब्याकडे वळले. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, ठेवा तो लाडू! पुरे झालं आता!"

त्यांनी लाडू ठेवला. डब्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाले, "रोज खात होतो गो. वाटायचं, कोणीतरी ओरडेल."

मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रिकामे डबे घासत बसले.

तुमच्या ताटावर डोळा ठेवणारं माणूस आहे ना घरात? आज ओरडलं का तुमच्यावर?