शंभर टक्के प्रगत

परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीची बस लागली तेव्हा मला निरोप द्यायला घरचे चौघं होते आणि पाचवा महादेवभाऊ. सोनारीजवळच्या वस्तीवर दोन शिक्षकांची शाळा आहे. तिथं मी नऊ वर्षं शिकवलं. भाऊ तिथल्या मंजुळाचे वडील. पिशवीभर कैऱ्या घेऊन आलेले. विमानात चालायच्या नाहीत म्हटलं, तर म्हणाले, मग पुण्यापर्यंत तरी खा. बस हलायच्या बेतात होती तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, “बाई, पोरगी वाचती म्हणून लिव्हलंय तुमी. आमच्या घरात पयलीच.”

मी हसले. मंजुळाला वाचता येत नव्हतं. अक्षरं ओळखायची, पण त्यांचा शब्द जुळायचा नाही. आणि ‘वाचता येते’ हा शेरा माझ्याच अक्षरात होता.

चौथीत अकरा मुलं होती. दहा वाचत होती. वर पाठवायच्या तक्त्यात एका पोरीसमोर ‘नाही’ लिहिलं की शाळा सरकारच्या ‘प्रगत’ शाळांच्या यादीतून गळणार, खुलासा द्यावा लागणार. नवऱ्याला इंग्लंडात दवाखान्यात नोकरी लागली होती, माझा राजीनामा मंजूर झाला होता. जाता जाता शाळेला डाग कशाला, असं मनात आलं. सोबतच्या सरांनी एकदा विचारलं, बाई, मंजुळाचं काय? मी म्हटलं, पाचवीत उचलेल की. माझ्यावर जबरदस्ती कुणी केली नव्हती, हे आज स्पष्ट सांगते. शाळा शंभर टक्के प्रगत झाली, सत्काराचा नारळ मिळाला, मी इंग्लंडात लेस्टरला आले.

मुलगी इथंच झाली. ती चार वर्षांची होत आली तशी शाळा निवडायची वेळ आली. इथं नव्यानं आलेले आपले लोक या वेळी फार गोंधळतात, म्हणून जे शिकले ते लिहिते. कौन्सिलची म्हणजे इथल्या पालिकेची शाळा, चर्चची शाळा, सरकारी पैशावर पण ट्रस्टच्या कारभारात चालणारी अकॅडमी, नव्यानं काढलेली फ्री स्कूल असे प्रकार आहेत. यातल्या कशालाच फी नाही. फरक आहे तो चालवतं कोण आणि प्रवेशाचे नियम कुणाचे, यात. ट्रस्ट म्हणजे भारी आणि कौन्सिल म्हणजे आपली झेडपी, असं मनात धरू नका. मीही धरलं होतं.

मग आकडे. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी किती टक्के मुलं वाचन, लेखन, गणितात अपेक्षित पातळीला पोचली, हे वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. शेजारची बार्शीकडची वैशाली टक्क्यांवरून शाळा उतरत्या क्रमानं लिहून मोकळी झाली. मला म्हणाली, “ताई, तुम्ही तर मास्तरीण, तुम्हाला काय कळत न्हाय का?” कळत होतं, तीच तर अडचण होती. मी आधी बघितलं, वर्गात मुलं किती. थोडी असली की एका पोरानं टक्का वरखाली होतो. मुलं कुठून आली, घरी कोणती भाषा बोलतात, गैरहजेरी किती, तेही बघितलं. आणि एका ओळीवर थांबले. वाचनाची आणि गणिताची परीक्षा होते, लेखनाचं मात्र वर्गशिक्षकच ठरवतात. म्हणजे तिथंही कुणीतरी बाई पेन घेऊन बसलेली असणार.

घराजवळच्या कौन्सिलच्या शाळेचा लेखनाचा आकडा सगळ्यांत खाली होता. मी बघायला गेले आणि मुख्याध्यापिकेला सरळ विचारलं, असं का? त्या जराही अवघडल्या नाहीत. म्हणाल्या, बरीच मुलं मध्येच दुसऱ्या देशांतून येतात. जी पोचली नाहीत त्यांच्यापुढे आम्ही ‘अजून पोचायचंय’ असंच लिहितो. नाहीतर पुढच्या शिक्षकाला कळणार कसं?

त्यांनी पुढं ग्रंथालय दाखवलं, खेळाचं मैदान दाखवलं. मला त्यातलं काही आठवत नाही.

प्रवेशअर्जातल्या पसंतीच्या यादीत तीच शाळा पहिली लिहिली. वैशालीनं डोक्याला हात लावला. लेक आता तिथं दुसरीत आहे, आणि तिच्या प्रगतीच्या कागदावर लेखनापुढं ‘अजून पोचायचंय’ आहे. म्हणून रोज अर्धा तास एक शिक्षिका तिला वेगळं घेऊन बसते. निवड चुकली असं मला एकदाही वाटलं नाही.

तो कागद हातात आला त्या रविवारी मी महादेवभाऊंना फोन लावला. सगळं सांगितलं.

“पाचवीतच आडली ती,” ते म्हणाले. “हायस्कुलात सर म्हणले, कागदावर तर येतंय, म्हंजी पोरगी ढोंग करती. म्या बी मारली, बाई. तुमी लिव्हलंय म्हणल्यावर ते खोटं कसं आसंल?”

पुढं म्हणाले की सातवीत तिला चुलत वहिनीनं रोज संध्याकाळी बसवून शिकवलं, आता बारावीला आहे, बरं चाललंय. मग म्हणाले, “हे तिला तुमीच सांगा.” आणि फोन तिच्या हातात दिला.

सांगितलं. शेवटी ती हळूच म्हणाली, “म्हंजी बाई, मी ढोंग करत नव्हते.”

“नव्हतीस,” मी म्हटलं. “खोटं मी लिहिलं होतं.”

गाव म्हणजे काय, असा प्रश्न इथं राहणाऱ्या आपल्या माणसांना सारखा पडत राहतो. कुणी सण सांगतं, कुणी भाकरी. माझ्यापुरतं सांगते. जिथं माझ्या एका शेऱ्यावर बापानं लेकीपेक्षा जास्त विश्वास ठेवला, ते माझं गाव. तिथं मी आता नाही, पण माझं अक्षर शाळेच्या दप्तरात आहे. म्हणून हे लिहिलेलं पहिल्यांदा वस्तीवरच्या शाळेच्या पत्त्यावर धाडते आहे, खाली माझं नाव घालून. मंजुळाला विचारूनच. जे कोणी गुरुजी तिथं असतील त्यांनी ते पालकसभेत मोठ्यानं वाचावं.