कुर्त्याला शिवलेला खिसा

काल हिंजवडीच्या ऑफिसात कुणीतरी जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. तापलेल्या धुळीचा तो वास नाकात शिरला आणि मी मनानं थेट कित्येक वर्षांपूर्वीच्या बुधवार पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पोचले.

कॉम्प्युटर दुरुस्तीची माझी पहिली नोकरी दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. ‘पोरीच्या जातीनं पेच पिळत हिंडायचं?’ म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. बाबा मात्र मला सोडायला अमरावतीहून सोबत आले होते.

“एक चांगला पेचकस दाखवा,” बाबा म्हणाले.

“स्क्रू ड्रायव्हर म्हणायचंय का आपल्याला?” दुकानदारांनी वर न बघताच विचारलं.

लाकडी मुठीचे लांबलचक नग मी बाजूला सारले आणि पेनाएवढा एक उचलला. त्याची पाती उलटी बसवली की चपट्या टोकाऐवजी फुलीचं टोक पुढे येई.

“हाच. कायम खिशात राहील.”

“अहो, पण ताईंना खिसा कुठाय?”

मी कुर्ता चाचपला. खरंच नव्हता! दुकानदारांसकट आम्ही सगळे हसलो.

“मंग शिवून घेऊ,” बाबा म्हणाले.

माझ्या भाड्याच्या खोलीवरून दुसऱ्या दिवशी घालायचा कुर्ता आणून आम्ही शिंपी गाठला. तेव्हा मला ती सगळी गंमतच वाटत होती. आज मात्र डोळ्यांसमोर येतात ते शिलाई मशीनवर वाकलेले बाबा, शिंप्याला बजावताना:

“दुहेरी टाका मारजा भाऊ. माह्या लेकीचं हत्यार ठेवाचं हाय त्याच्यात.”