मावशीचं माप

आई आणि मावशी जुळ्या. हुबेहूब. एकाच मांडवात दोन सख्ख्या भावांना दिलेल्या, म्हणून सासरही एकच. आमच्याकडे रीतच पडली होती, एकीचं माप घ्यायचं आणि दोघींचं काम उरकायचं. देवळाली कॅम्पातल्या शिंप्याकडे मावशी एकटी जायची, ब्लाउज दोघींचे शिवून यायचे. बांगड्या, चपला, काढे, सगळं तसंच.

गेल्या उन्हाळ्यात दोघींना एकदमच ताप आला, तर मी मेलीनं तोही मावशीच्याच मापानं मोजला. मावशी दोन दिवसांत उठून चहा करायला लागली. आई पडूनच. इकडे कुरडयांचा गहू वाटून ठेवलेला, तो काय थांबतोय! आणि माझी जीभ आधीच तिखट.

"मावशी उठली बघ," मी म्हणाले. "एकाच पोटच्या ना तुम्ही? मग तुझेच कसले नखरे?"

आई उठली. पदर खोचून गच्चीवर आली, शेगडीपुढे चीक घोटायला बसली आणि घोटता घोटता तिथेच कलंडली. न्यूमोनिया निघाला. तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि मी बाहेर बाकावर. नवस बोलायचीसुद्धा लाज वाटत होती.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, दोघी सारख्याच, लसही बरोबरच घेतलेली, मग हिलाच का? त्यांनी समजावलं. आजाराशी लढणाऱ्या अँटिबॉडी शरीर जनुकांचे तुकडे जोडून बनवतं. तरुणपणी त्यांचे नाना प्रकार असतात, नव्या आजाराला कुठला ना कुठला लागू पडतो. वय झालं की प्रकार आटतात, ठरावीक तेवढेच बळावतात. कुणाचे कुठले उरतील ते ज्याचं त्याचं वेगळं. जुळ्यांचंसुद्धा.

म्हणजे चेहरे तेच राहिले आणि आतून दोघी कधीच्याच लांब गेल्या होत्या. मला काय ठाऊक, असं म्हणून सुटता आलं असतं. पण कपाळाला हात लावून बघायला कुठलं शास्त्र लागतं? तेवढंही मी केलं नव्हतं.

आई घरी आली, पण जिना चढताना अजून मध्येच टेकते. शिंप्याकडे आता मी तिला वेगळी नेते.

परवा भर दुपारी ती पांघरूण लपेटून बसलेली दिसली. धावत जाऊन कपाळाला हात लावला, तर चटकाच बसला.

"अगं, सांगायचं नाही का?"

आईनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे मावशी गुणगुणत कांदा चिरत होती.

"तिला काही होत नाहीये ना," आई म्हणाली. "म्हटलं, मग मलाही काही नसेल."