हळदीला बोलावलेली पोरं

पत्रिकेवर दोन तारखा होत्या, हळदीची आणि लग्नाची. मधुकरने साहेबांना पहिली सांगितली. त्यामुळे तालुक्याच्या आरोग्य कचेरीतले मोठे साहेब लग्नाच्या पंगतीला यायचे ते आदल्या दिवशी दिवेलागणीलाच, अहेराचा डबा घेऊन, शिरवणे गावात गोटीराम पाटलांच्या दारात जीपमधून उतरले. मधुकर कचेरीतला नवा कारकून, शिकला-वाढला जामखेडला. तिकडे हळद म्हणजे घरच्या बायकांनी दुपारी उरकायचं काम. इकडे हळदीला अख्खा गाव लोटतो हे त्याच्या ध्यानात आलं, तोवर साहेबांच्या सफारीच्या पाठीवर कुणीतरी पिवळा पंजा उठवला होता.

"उद्या या म्हटलं होतं ना रे?" गोटीराम मधुकरच्या कानाशी लागला.

"उद्याही येतो की."

"तू ये. तुला कोन बोलावतंय नि कोन हाकलतंय. साहेबाला आता बसवू कुठं?"

शेवटी मांडवात खुर्ची टाकून साहेबांना अगदी पुढे बसवलं. गोटीरामची भातशेती नव्या शहरात गेली होती. मोबदल्यातून त्याने ट्रक घेतले होते आणि ते डोंगरातल्या खाणीची खडी वाहत होते. असा माणूस साहेबाला मागे बसवणार नाही.

साहेबांच्या समोरच यशोदाबाई बसली होती. ती गावची धवलारीण. या गावांत भटजी मागाहून येतो. आधी धवलारीण गाण्यातून देवांना आणि घरातल्या गेलेल्यांना नाव घेऊन लग्नाला बोलावते. तिने नाव घेतलं की त्या नावाचं पान मांडायचं. एकदा बोलावलेल्याला परत पाठवायचं नाही, मग तो जिवंतपणी कितीही भांडकुदळ असो.

मधुकर तिला ओळखत होता, पण धवलारीण म्हणून नव्हे. यशोदाबाईने तरुणपणी मिठागरात पाय झिजवले, नवरा गेल्यावर सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेतली. तिचं गिऱ्हाईक खाणीवरच्या झोपड्यांत. तिथले लोक दुष्काळी मुलखातून दगड फोडायला आलेले. त्या उन्हाळ्यात ते खाणीच्या खड्ड्यातलं हिरवं पाणी पीत होते, आणि त्यांची लहान पोरं हगवणीने जात होती. यशोदाबाई पाटी दाराबाहेर ठेवून कचेरीत यायची.

"दादा, डागदर पाठवा. पान्याचा टँकर पाठवा."

"मावशी, खाण आमच्या हद्दीत नाही."

मग ती नव्या शहराच्या कचेरीत जायची. ते म्हणायचे, खाणमालकाला विचारा. मालक म्हणायचा, मजूर ठेकेदाराचे. ठेकेदार म्हणायचा, माणसं परमुलखातली, त्यांच्या सरकारला सांगा. पोरं नेमकी कुणाच्या हद्दीत मरतात यावर पत्रव्यवहार मात्र जोरात चालू होता, आणि मधुकरचं अक्षर चांगलं म्हणून तो त्याच्याच हातचा होता. मागच्या खेपेला त्याने तिची थट्टाही केली होती.

"मावशी, तुमच्या मासळीच्या वासानं साहेब पळून जातील."

"पलूं दे," ती हसून म्हणाली होती. "पलत पलत खानीवर गेला म्हंजे झालं."

आता तीच बाई डोळे मिटून गात होती. गावदेवीला बोलावून झालं, खाडीला बोलावून झालं. गोटीरामचा बाप कान्हा आला, आजा आला. गोटीरामची बायको पुतळाबाई एकेका नावासरशी पान मांडत होती. आणि त्याच चालीवर, आवाज न चढवता, यशोदाबाई गायली,

"खानीवरची दुर्गी, ये गो हलदीला. नुकती चालाया लागलेली, चालत ये गो हलदीला."

पुतळाबाईचा हात सवयीने पुढे झाला आणि पान मांडून बसला. मग यल्लू आला. मग भीमाची जुळी, ज्यांचं बारसंही राहिलं होतं. वाजंत्री बिडी पेटवायची विसरला.

"यशोदे, काय चालवलंयस?" गोटीराम उठला. "माझ्या पोराच्या हलदीत मढी बोलावतेस?"

"तुझा बाप पन मेलेलाच हाय, पाटील. त्याला बोलावला तवा नाय बोललास."

"पानं उचल गो," तो बायकोवर खेकसला.

पुतळाबाई पानांकडे बघत राहिली. मग तिने आणखी एक पान पुसलं आणि ओळीत मांडलं.

"नाव घेतलंय," ती म्हणाली. "माज्यानं नाय उचलवत."

पत्रात मधुकरने 'काही बालके' असं वळणदार लिहिलं होतं. त्या काही बालकांतली दुर्गी नुकती चालायला लागली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"ही कोणाची मुलं?" साहेबांनी विचारलं. यशोदाबाईच बोलली.

"तुमच्या हद्दीतली नाय, साहेब. कोनाच्याच नाय. म्हून मांडवात बोलावली." तिने पदराने तोंड पुसलं. "अजून चौघं पडून हायत वर. त्यांना मी बोलावनार नाय. त्यांच्याकडं तुमी जावा."

साहेब उठले. अहेराचा डबा खुर्चीवर तसाच राहिला.

"मधुकर, खाणीचा रस्ता माहीत आहे?"

माहीत नव्हता. यशोदाबाईच जीपमध्ये पुढे बसली.

डॉक्टर त्याच रात्री वर पोचला. बांबूला सलाईनच्या बाटल्या टांगल्या. सकाळी टँकर आला. चौघांतली तिघं उठली. चौथं, सायव्वाचं पोर, उजाडायच्या आत गेलं. हद्दीबद्दलचं उत्तर वरून अजून यायचंय. टँकर मध्येच बंद पडतो, मग यशोदाबाई कचेरीत येते, आणि मधुकर आता तिची पाटी आत ठेवायला लावतो.

धवलारणीला लग्नघरातून नवं लुगडं द्यायची रीत आहे. मांडव बाटवला म्हणून गोटीरामने ते दिलं नाही. खाणीवर जाता-येता ती त्याच्या ओट्यापाशी थांबते.

"पाटील, माजं लुगडं?"

"पोरांकडं माग, ज्यांना बोलावलंस."

"ती लहान हायती रे," ती म्हणते, "तूच दे," आणि पाटी सावरून पुढे जाते. लुगडं अजून आलेलं नाही.