अर्धी गोळी मामीला

आमच्या अहमदपूरच्या मामांइतका वाटून खाणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा दाखवा, मी मिशा उतरवीन! पेरू असो, पेढा असो, अर्धा मामीला दिल्याशिवाय यांच्या घशाखाली घास उतरत नाही. एका चहात मामा बशीतून पितात, मामी कपातून. एकदा नांदेडच्या स्टँडवर केळं घेतलं, तर उरलेलं अर्धं सालीसकट खिशात घालून घरी आणलं. त्या सदऱ्याचं काय झालं ते विचारू नका. "एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाई, भाचेबुवा," हे त्यांचं शास्त्र.

असे हे मामा माहूरहून आले ते टायफॉइड घेऊन. डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "बरं वाटलं तरी एकही चुकवायची नाही." मी नांदेडहून रोज फोन करायचो. मामी सांगायची, "टायमावर चालू हाय बाबा." तरी ताप हटेना! मामा वाळून खारीक झाले, पोट धरून कण्हू लागले. मला काही म्हणता काही उमजेना. पाणी उकळलेलं, खिचडी मऊ, गोळी वेळेवर, मग घोडं अडतंय कुठं? शेवटी मी जाऊन दोघांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरही चक्रावले. "आतड्याला भोक पडलं तर जिवाशी गाठ आहे. आत्ता माझ्यासमोर गोळी घ्या बघू," म्हणाले.

मामांनी गोळी घेतली, चंचीतून अडकित्ता काढला, कट्कन दोन तुकडे केले आणि एक मामीपुढं धरला. मामीनं तो पाण्याबरोबर गिळलासुद्धा!

"अहो, हे काय करताय?" डॉक्टर ओरडले.

"मग? तिला न देता कसं खाऊ?" मामांना आमचा गोंधळच कळेना.

"अर्ध्या गोळीनं जंतू मरत नाहीत, कोडगे होतात!" म्हणत डॉक्टरांनी मामांना भरती केलं आणि गोळी बदलली, अख्खी घ्यायची. ती मामांनी तोंडात टाकली, मामीकडं पाहिलं आणि ती घशातच अडली. डोळे भरून आले. तेव्हा मामी भिंतीकडं तोंड करून बसली. "गिळा आता. म्या बघत न्हाई." रोज हेच चाललं. हळूहळू ताप उतरला.

आता मामा ठणठणीत आहेत, पण त्या गोळ्यांची चुटपुट काही जात नाही. परवा पेरू चिरता चिरता म्हणाले, "तेवढं मात्र तुला न देता खाल्लं बघ."

मामी आपली फोड उचलत म्हणाली, "म्हणून तर आज तुमच्या हातचा अर्धा पेरू खातेय की."