थांबताना मागे वळलेलं चाक

मंडळी, नव्या रोड बाइकसोबत आलेली चाकं भंगार असतात, आधी बदल, असं परवा सायकलिंगच्या ग्रुपवर तुम्हीच सांगत होतात ना? आज सकाळी बदलायलाच निघालो होतो. तेवढ्यात नरडाण्याहून माझी थोरली बहीण, अक्का, आली.

चाकं बदलतोय म्हटल्यावर तिने विचारलं, "आबांसारखं तपासलं का?"

एकोणीसशे नव्वदच्या आसपास आमचे वडील, आबा, अक्कासाठी सायकल घ्यायला धुळ्याला गेले होते. आम्ही दोघंही सोबत. आबा दुकानातल्या प्रत्येक सायकलीचं पुढचं चाक उचलून फिरवायचे. म्हणायचे, चांगलं चाक एकदम थांबत नाही. बेअरिंग मोकळं असेल तर हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या वजनाने आधी मागे वळतं. तसं एकही निघालं नाही. शेवटी मिळाली ती सायकल घेतली.

आज अंगणात नवी सायकल उलटी केली आणि पुढचं चाक फिरवलं. चहा निवला तरी फिरतच होतं! मग मंद झालं, थांबलं... आणि मागे वळलं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे, पाळण्यासारखं.

"चाक भारी शे, भाऊ," अक्का हळूच आमच्या अहिराणीत म्हणाली. "इतकी वर्षं माले वाटे, आबा उगाच सांगत."

चाकं बदलत नाही. तुम्ही तुमचं चाक पूर्ण थांबेपर्यंत कधी पाहिलंय?