शिट्टीला पै-पावणा नसतोय

बापू सरनोबत चष्मा घरी विसरले तरी चालायचं, पण खिशात शिट्टी असल्याशिवाय ते मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातल्या भाजीच्या दुकानातसुद्धा जायचे नाहीत. आणि ती नुसती बाळगायचे नाहीत, वाजवायचे! अपंगांसाठी राखलेल्या जागेत एका धडधाकट माणसाने गाडी लावली, तेव्हा बापूंनी अख्ख्या पार्किंगमध्ये घुमेल अशी शिट्टी फुंकली आणि हात लांब करून त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.

तो धडधाकट माणूस मी होतो. आमची ओळख झाली ती अशी.

‘‘दोनच मिनिटं, काका,’’ माझ्या तोंडून मराठीच निघालं.

‘‘फाऊल काय घड्याळ बघून हुतोय व्हय?’’

मराठी ऐकून मराठीत उत्तर आलं, तेव्हा तर मला गाडीखालीच जावंसं वाटलं.

कोल्हापुरात पेठापेठांच्या फुटबॉल सामन्यांत बापूंनी तीस वर्षं पंचगिरी केली. सख्ख्या मेव्हण्याला लाल कार्ड दाखवलं आणि सासुरवाडीची दिवाळी कायमची बंद झाली, हे ते मिशीत हसत सांगायचे. ‘‘शिट्टीला पै-पावणा नसतोय, लेका.’’ मुलाकडे कायमचे राहायला आल्यावर आमच्या फुटबॉल क्लबात दर शनिवारी सकाळी ते बारा वर्षांखालच्या मुलामुलींच्या मॅचला रेफरी असायचे. त्यांचा आठवडा म्हणजे तो शनिवार. उरलेले सहा दिवस ते सोफ्यावर बसून त्याची वाट बघायचे.

एका एप्रिलच्या सुट्टीत आमची दोन्ही कुटुंबं दक्षिण थायलंडला गेली. बाकीचे बोटीने बेटं बघायला निघाले. मला बोट लागते, आणि बापूंना बेटांचं काही नव्हतं. तीन तासांवरच्या एका जिल्ह्याच्या गावात लीगची मॅच आहे, हे त्यांनी हॉटेलातल्या पोऱ्यांकडून हातवारे करून काढून घेतलं होतं. गेलो. छपराची एकच गॅलरी, बाकी तिन्ही बाजूंना गवत, गोलामागे चुनखडीचे उभे डोंगर आणि निखाऱ्यावरच्या कोंबडीचा धूर थेट पेनल्टी एरियात. बापू डोळे पुसत म्हणाले, ‘‘हे आपलंच मैदान हाय. फकस्त मिसळ न्हाई.’’ डोळ्यांत पाणी धुराने आलं होतं, असं मला सांगण्यात आलं.

ऊन असं की टाळू तापली होती. फाटकाशी तुळशीवृंदावनाएवढ्या खांबावर रंगीत लाकडी काहीतरी होतं, त्याला हार, आणि समोर लाल सरबताच्या उघड्या बाटल्या, स्ट्रॉसकट. मला वाटलं, पाणपोई! आपल्याकडे पाणपोईला उद्घाटनाचा हार असतोच. मी एक बाटली उचलली आणि तळ गाठला. मागे वळतो तर बापू.

‘‘अरं, त्यो नैवेद्य हाय! जाग्यावरच्या देवाचा!’’

मी इकडेतिकडे पाहिलं. ‘‘कुणी बघितलं नाही, बापू. चला, मॅच सुरू होईल.’’

झालं! त्यांनी शिट्टीच काढली. फाटकावरची तिकीटवाली बाई दचकली. ‘‘कुणी बघितलं न्हाई म्हणून फाऊल पुसला जातोय व्हय? जा, जिच्या दारात पिलास तिला सांग.’’ मी दुकानातून नवी बाटली आणली, रिकामी बाटली दाखवून त्या बाईसमोर कान धरले. ती हसता हसता खुर्चीवर बसली, मग उठून तिने ती बाटली माझ्याच हातून देवापुढे ठेववली. तोवर चौथ्या मिनिटाला यजमानांवर गोल झाला होता. बापू दिवसभर माझ्याकडे आरोपीकडे बघावं तसे बघत होते.

ऑगस्टात आमच्या क्लबाची सेमीफायनल होती. शेवटच्या मिनिटाला आमच्या गोलाच्या तोंडाशी बॉल एका मुलीच्या हाताला लागला. बापूंनी पेनल्टी दिली, आम्ही हरलो. ती मुलगी माझी सई. पालक बापूंवर धावून गेले. आंधळा आहे, इंग्रजी येत नाही, वय झालंय! बापूंनी गर्दीतून फक्त मला विचारलं, ‘‘तू गोलामागंच हुतास. बघितलंस का न्हाई?’’

‘‘सूर्य डोळ्यांवर होता, बापू.’’

त्या दिवशी मेलबर्नमध्ये सूर्य उगवलाच नव्हता.

गाडीत सई म्हणाली, ‘‘बाबा, इट डिड हिट माय हँड. तू का नाही सांगितलंस?’’

‘‘सीट बेल्ट लाव,’’ मी म्हणालो.

कमिटीने ठरवलं, पुढच्या सीझनला बापू नकोत. अध्यक्ष म्हणाला, ‘‘लव्हली ओल्ड ब्लोक, भला म्हातारा आहे, पण पालक नाराज आहेत.’’ म्हणजे बरोबर कोण होतं हा प्रश्नच नव्हता! एका माणसाचे सगळे शनिवार काढून घेतले ते सात माणसांनी बिस्किटं खात खात. आणि ते गोडगोड आभाराचं पत्र लिहिलं कुणी? सेक्रेटरीने. म्हणजे मीच.

दोन आठवडे मला जेवण गेलं नाही. मग थाई दुकानातून लाल सरबताची बाटली आणली, स्ट्रॉ घातला आणि बापूंच्या सोफ्यासमोर टीपॉयवर ठेवली. ‘‘मी बघितलं होतं, बापू. पेनल्टीच होती.’’

त्यांनी बाटलीला हात लावला नाही. ‘‘मला कशाला पाजतोस? मी काय देव हाय? जिथं पिलास तिथं ठेव.’’

पुढच्या मीटिंगला मी उभा राहून सगळं सांगितलं. अध्यक्ष हसला. ‘‘नो वरीज, मेट. सीझन संपला.’’ आणि पुढचा विषय निघाला, मैदानावर विकायच्या पावात कांदा सॉसेजच्या वर द्यायचा की खाली. नो वरीज? अरे, वरी करण्यासारखी तेवढी एकच तर गोष्ट त्या टेबलावर होती! मी ओरडलो, तर त्यांनी मला पाणी दिलं.

बापू तोवर पुतणीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले होते. मी फोन केला. ‘‘सांगितलं, बापू.’’

‘‘मग? काय झालं?’’

‘‘हसले.’’

पलीकडे रस्त्यावरच्या वर्दळीवर बापूंनी आवाज चढवला. ‘‘मग शिट्टी ऐकू गेलेली न्हाई. परत वाजीव.’’

पुढच्या महिन्यात बापू तिकडेच गेले. झोपेत, शनिवारी पहाटे.

आता प्रत्येक मीटिंगच्या शेवटी ‘आणखी काही विषय?’ असं विचारलं की मी हात वर करतो. लोक घड्याळं बघतात, एकजण किल्ल्या वाजवतो. मी परत सांगतो. इथेही सांगतो: पेनल्टीच होती. मी बघितलं होतं.